बिघडलेले फोटो

ता. ३ मार्च, सोमवार

आजपासून मी फोटोवाली झाले. कुणी हसू नये. हसणारं माणूस होतं ते भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसलंय. हे असते तर म्हणाले असते, आधी स्वतःचा चष्मा शोध, मग लोकांचे फोटो काढ.

झालं काय, सूनबाई दुसऱ्यांदा पोटुशी आहे आणि ह्या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलंय. बाळंत होईपर्यंत दवाखान्यातच पडून राहायचं. मुलाची नोकरी पाळीची. म्हणून काल तो ठकीला माझ्याकडे सोडून परत शहरात गेला. ठकी म्हणजे माझी नात, साडेतीन वर्षांची. खरं नाव भलं मोठं आहे, ते शाळेत लागेल.

जाताना त्याने हा कॅमेरा माझ्या हातावर ठेवला. "आई, हिचे रोज फोटो काढ आणि आठवड्याला छापून पाठव. ती दिवसभर छताकडे बघत रडते." म्हटलं, अरे मला फोनचं हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच कळतं. तर म्हणाला, "ह्यालाही एकच बटण आहे."

खोटारडा. पुष्कळ आहेत.

पण वस्तू गोड आहे हो! साबणाच्या वडीएवढी. चालू केली की पोटातून नळी बाहेर येते, कासवाने मुंडी काढावी तशी, आणि बंद केली की गुमान आत. ठकीने ते पाहून इतक्या उड्या मारल्या की खालच्या बिऱ्हाडाने काठीने छत ठोकलं. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगठ्याचे छान फोटो आले. एका फोटोत अंगठ्यामागे ठकीही आहे.

ही डायरी औषधवाल्याने फुकट दिलेली. चौथी पास बाईला इतकी कोरी पानं म्हणजे माकडाच्या हाती आरसा.

ता. ६ मार्च, गुरुवार

ह्या कॅमेऱ्याचं सुख काय, तर त्याला कुणी घाबरत नाही. पूर्वी स्टुडिओत नेलं की आम्ही सगळे फासावर चढवल्यासारखे ताठ. हा स्वेटरच्या खिशात असतो, काढला, टिपलं, आत. आज शेजारच्या शिंपिणीचा काढला. तोंडात टाचण्या, आणि तशीच गिऱ्हाइकाशी भांडतेय! फोटो बघून ती म्हणाली, "मेले, पुसून टाक. ह्यात मी माझ्या सासूसारखी दिसते." मी मुळीच पुसला नाही. कसा पुसायचा तेच ठाऊक नाही.

दुःख काय, तर हा विचार फार करतो. बटण दाबलं की आधी मनाशी काहीतरी ठरवतो, मग काढतो. ठकी झोपाळ्यावर हसत वर आली, मी दाबलं, तर फोटोत नुसती साखळी आणि एक बूट. ह्यांचं असंच होतं. हाक मारावी तर ओ येईतो काम उरकलेलं.

आणि डोळा लावायचं ते बारीक भोक आहे ना, त्यातून दिसतं एक आणि फोटोत येतं दुसरं. भोकात ठकीचं डोकं पुरतं होतं, फोटोत कापलं गेलं. चौकात फोटो छापणारा फोटोवाला म्हणतो, भोक बाजूला आणि भिंग मध्ये, म्हणून असं होतं.

ता. ११ मार्च, मंगळवार

पहिले फोटो छापून आले. घरात अंधार, म्हणून फ्लॅश उडवलेला. तर काय, सगळ्यांचे डोळे लालभडक! ठकी भुताच्या पिल्लासारखी. मी फोटोवाल्याला म्हटलं, माझी नात अशी आहे होय रे?

तो चौकातल्या कोपऱ्यावर बसतो, कानावर पेन्सिल, मूळचा चित्रकार. बिचारा समजावून सांगतो. "आजी, छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. उजेड सरळ डोळ्याच्या बाहुलीतून आत जातो आणि तसाच परत येतो. डोळ्याच्या आतलं रक्त दिसतं ते. मोठ्या कॅमेऱ्यात फ्लॅश लांब असतो, तिथे होत नाही. हा छोट्याचा दोष." मग त्याने कॉम्प्युटरवर बसून सगळ्या डोळ्यांत काळा रंग भरला. वर एकेक पांढरा ठिपका दिला, चमक म्हणून. ठकी अशी सुरेख दिसायला लागली की मी त्याला आशीर्वादच दिला.

मी ठरवलंय, सूनबाईला चांगलं तेवढंच पाठवायचं. माझी सासू सांगायची, पोटुशीने गोड चेहरे बघावेत, पोटातलं बघत असतं. खरं-खोटं देव जाणे. पण वाईट बघून कुणाचं बरं झालंय?

ता. २९ मार्च, शनिवार

ठकी फार धांदरट झालीय. आज परत दाराच्या चौकटीवर आपटली, डाव्याच बाजूला. कपाळावर टेंगूळ. डाव्या हाताला बिस्किट ठेवलं तर "मला नाही दिलंस" म्हणून रडते, आणि बिस्किट तिथेच! मी म्हटलं, बापावर गेलीस गं, त्यालाही समोरचं दिसायचं नाही.

आणि कॅमेरा बिघडलाय. फ्लॅशच्या फोटोत ठकीचा उजवा डोळा लाल येतो नेहमीसारखा, डावा येतो पांढरा. दुधाचा थेंब पडल्यागत. फोटोवाल्याला दाखवलं. त्याने भिंग फुंकून पुसलं, बॅटरी बदलली. म्हणाला, "मान वळली की कोनामुळे होतं कधी कधी. काळजी नको, मी भरतो." भरला की काही कळत नाही.

ता. ९ एप्रिल, बुधवार

आज मी कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. म्हटलं, दोष कुठे आहे बघूच. शिंपिणीचा काढला, दोन्ही लाल. खालच्या बिऱ्हाडातल्या जुळ्यांचा काढला, चारी लाल. शिंपिणीच्या मांजरीचा काढला, हिरवे! माझाच मी हात लांब करून काढला, नाकच फार आलं, पण डोळे लाल. आणि ठकी? उजवा लाल, डावा पांढरा. परत काढला. परत पांढरा.

म्हणजे कॅमेरा धड आहे. ठकीच्याच डोळ्यात काहीतरी चमकतं. मला तर इतकं कौतुक वाटलं! एका डोळ्यात दिवा आणि एका डोळ्यात चांदणं घेऊन आलीय माझी बाई.

शिंपीण मात्र कात्री खाली ठेवून बघत बसली. म्हणाली, "तो डोळा जरा बाहेर बघतोय का गं?"

"तुझं लक्ष सुईच्या नाकात. तुला सगळं तिरकंच दिसणार."

"मस्करी नको. पोरीला दाखव कुणाला तरी."

"आणि तिच्या आईला काय सांगू? ती पडलीय तिकडे जीव मुठीत धरून. आत्ता नाही. बाळंत होऊ दे सुखाने, मग बघू."

तिने मशीन सुरू केलं, शिवण वाकडी गेली, ती उसवत बसली. मला राग आला तिचा. असली माणसं सुखाला दृष्ट लावतात.

ता. २० एप्रिल, रविवार

आता मला युक्ती सापडलीय. ठकीला खिडकीकडे वळवून बसवायचं, उजवा गाल माझ्याकडे. फ्लॅशच नको. थोडं अंधुक येतं, कारण उजेड कमी पडला की ह्या चिमुकल्या कॅमेऱ्याचे हात थरथरतात, का माझे थरथरतात ठाऊक नाही. पण गोड येतं. ठकी स्वतःच मान वाकडी करून बसते, जणू नटी.

सूनबाईचा फोन आला होता. "आई, हल्ली सगळे फोटो एकाच बाजूचे का?"

म्हटलं, "त्या बाजूने तुझ्यासारखी दिसते."

हसली ती. केवढ्या दिवसांनी हसली. मला बाई धन्य वाटलं.

फोटोवाला विचारत होता, बिघडलेले काढून टाकू का, कॅमेऱ्यातली जागा भरत आली. मी नको म्हटलं. माझ्याकडे अजून ह्यांचे फुटके चष्मे आहेत. टाकणं माझ्या रक्तात नाही.

ता. २७ एप्रिल, रविवार

आज ठकी म्हणाली, मला काढायचाय तुझा फोटो. दिला हातात, दोरी मनगटात अडकवली. तिने ते बारीक भोक डोळ्याला लावलं. डाव्या.

"आजी, काळं आहे."

मी म्हटलं, टोपण लागलंय का काय. बघितलं, तर नाही. मला छान दिसतं. परत दिला. परत "काळं". म्हटलं, आता भोकही बिघडलं. तशाच दोघी चालत फोटोवाल्याकडे. त्याने डोळा लावला, "मला तर तुमची सुरकुती न् सुरकुती दिसते, आजी." मी म्हटलं, मोजू नकोस, रात्र होईल.

मग ठकीने कॅमेरा ओढून घेतला आणि आम्हा दोघांना शिकवल्यासारखं सांगितलं. डाव्या डोळ्याला लावला, "ह्या डोळ्याने कॅमेरा बंद होतो." उजव्याला लावला, "ह्या डोळ्याने चालू होतो." बंद, चालू. बंद, चालू. काय अक्कल! मी इतकी हसले की मला खोकला आला.

फोटोवालाही हसत होता, मग थांबला. कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत राहिला. मला वाटलं मागे गिऱ्हाईक आलं, वळून बघितलं तर कुणी नव्हतं. निघताना म्हणाला, "आजी, तो डोळा एकदा डॉक्टरांना दाखवा." आज त्याने आधीच्या फोटोंचे डोळेही भरून दिले नाहीत. म्हणाला, वेळ नाही. दुकान तर रिकामं.

ता. ४ मे, रविवार

मन थाऱ्यावर नाही.

सकाळी सूनबाईचा फोन. मी म्हटलं, हसवते तुला, आणि ठकीची बंद-चालूची गंमत सांगितली. अगदी तिच्या आवाजात करून दाखवली. पलीकडून हसू येईना. मला वाटलं फोन तुटला.

"आई, परत सांगा. कुठल्या डोळ्याने बंद होतो?"

"डाव्या गं. पोरीचा खेळ तो."

"दुसरा डोळा झाका आणि तिला बोटं दाखवा. आत्ता. मी धरते फोन."

काय हे खूळ, म्हणत मी ठकीचा उजवा डोळा तळहाताने झाकला. भर सकाळ, खिडकी सताड उघडी, ऊन माझ्या पायावर. आणि ठकी म्हणाली, "आजी, दिवे गेले?"

मी फोनवर तेच सांगितलं.

सूनबाई म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या दवाखान्याचं दार उघडायच्या आधी तिथे उभ्या राहा." मला ती अशा आवाजात कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, तू स्वतःला जप, पडून राहा. तर म्हणाली, "आई, मी पडूनच आहे."

ता. ५ मे, सोमवार

डॉक्टर बाई तरुण आहेत. ठकीला मांडीवर घेऊन त्यांनी डोळ्यात बारीक बॅटरी मारली. आधी गाणं गुणगुणत होत्या. मग गुणगुणणं थांबलं. उठून दार लावून घेतलं.

"आजी, हिचे फोटो काढता का कुणी? फ्लॅशचे?"

मी फुलले. पिशवीत पाकीट होतंच. टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. बाईंनी एक उचलून खिडकीशी नेला.

"ह्या डोळ्यांत रंग भरलाय."

"हो, आमचा फोटोवाला हुशार आहे."

"मला हे नकोत. बिघडलेले हवेत. आहेत का?"

जन्मात कुणी माझ्याकडे बिघडलेलं मागितलं नव्हतं. मी कॅमेरा दिला. त्या बटण दाबत मागे मागे गेल्या, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. आधी काठोकाठ पांढरी बाहुली. मग मण्याएवढं. मग तांदळाच्या दाण्याएवढं. मला वाटलं आता लाल येईल, आता येईल. अगदी पहिल्या दिवशीचा आला, माझ्या अंगठ्याचा. त्यातही मागे ठकीच्या डोळ्याच्या काठाला होती कापलेल्या नखासारखी बारीक पांढरी कोर. मी त्या दिवशी अंगठाच बघत होते.

बाई म्हणाल्या, "आत गाठ आहे, आजी. वाढतेय. डोळा बहुतेक राहणार नाही. आपल्याला मूल राखायचंय. गाठ मागच्या नसेत शिरली नसेल तर राखता येईल. आज रात्रीची गाडी मिळाली तर उद्याची बघू नका."

ठकी खाली बसून त्यांच्या टेबलाचे खण उघडझाप करत होती. बंद, चालू.

ता. ८ मे, गुरुवार

शहरात आहोत, ठकीला मोठ्या दवाखान्यात घातलंय. मुलगा माझ्याशी धड बोलत नाही, धड भांडतही नाही. भांडला असता तर बरं.

सूनबाई त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. ठकीला तिच्या पलंगावर चढवलं. तिने ठकीचे दोन्ही डोळे बघितले, खूप वेळ. मग मला विचारलं, "ते फोटो तुम्ही मला का नाही पाठवलेत, आई?"

खरं ते सांगितलं. तू गोड चेहरे बघावेस म्हणून.

तिने तोंड भिंतीकडे केलं. मी उठायला लागले तर माझं मनगट धरलं, तोंड न वळवता. म्हणाली, "तुमचं तोंड थांबत नाही म्हणून तरी मला कळलं."

ता. १६ मे, शुक्रवार

काढला डोळा. ठकी झोपलीय. पट्टी मोठी, चेहरा एवढासा.

नस तपासायला पाठवलीय. गाठ तिथवर गेली की नाही ते कळायला दिवस लागतील. नस म्हणजे केवढी ती, शिवणाच्या दोऱ्याएवढी असेल. सगळं त्या दोऱ्यावर आहे.

कॅमेरा पिशवीच्या तळाशी घातलाय. चपला त्यावर.

ता. १ जून, रविवार

नस स्वच्छ निघाली. मुलाने जिन्यात मला मिठी मारली आणि लहान असताना रडायचा तसा रडला. शिंपिणीला फोन केला, ती म्हणाली, "मी काय म्हटलं होतं?" मी म्हटलं, म्हण, रोज म्हण, हवं तितकं म्हण.

मोठ्या डॉक्टरांनी मात्र मुलाला बाजूला घेतलं. हे कधी कधी भावंडात उतरतं म्हणाले. बाळ जन्मलं की लगेच डोळे तपासायचे. मग दर महिन्याला. काही वर्षं.

हे वरच्या मजल्यावर कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी सांगते. आता काही झाकायचं नाही. जाऊन सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला. एवढंच म्हणाली, "बरं."

ता. २९ जून, रविवार

बाळ पंधरवड्याचं झालं. मुलगा आहे, केस इतके की कंगवा मोडेल. जन्मला त्याच दिवशी डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून डोळे तपासले. आज काही नाही म्हणाले. "आज" ह्या शब्दावर त्यांनी इतका भार दिला की मला तो नंतर जेवणातही लागत होता.

ठकीला खोटा डोळा बसवून मुलाच्या घरी आणलंय. हुबेहूब रंग. ती सगळ्यांना सांगते, "हा माझा नटण्याचा डोळा." डाव्या बाजूला आता मी चालते.

दुपारी सूनबाईने माझी पिशवी मागितली. चपलांखालून कॅमेरा काढला, पदराच्या टोकाने पुसला, माझ्यासमोर धरला. "फ्लॅश लावून काढा, आई. दोघांचा."

मुलगा म्हणाला, "आता कशाला ते." ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

ठकीच्या मांडीवर उशी, उशीवर बाळ. पडदे ओढले. बाळ जांभई देऊन झोपायला लागलं, तर ठकीने त्याच्या नाकावर फुंकर मारली. त्याने डोळे उघडले. मी बटण दाबलं.

आणि हा कॅमेरा विचार करत बसला. नेहमीएवढाच केला असेल. मुलगा दाराशी, सूनबाई पलंगाच्या कडेला, कुणी श्वास सोडत नव्हतं. मी मनात म्हटलं, बाबा रे, एवढी वर्षं ह्यांची ओ येईतो थांबले, तुझ्यासाठीही थांबते, पण बरं काय ते सांग.

लखकन उडाला.

चष्मा सापडेना. सूनबाईनेच बघितलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. बाळाचे दोन्ही लाल. भडक, भुताच्या पिल्लासारखे. ठकीचा एक लाल. ठकी बोट ठेवून म्हणाली, "ह्याचे दोन्ही चालू आहेत."

पुढच्या रविवारी परत काढायचा. त्याच्या पुढच्यालाही. आपले फोटो म्हणजे काही तपासणी नव्हे, डॉक्टरांकडे जायचंच. पण मधले दिवस कुणीतरी बघत राहायला हवं.

हा फोटो मी आमच्याच फोटोवाल्याकडे छापायला पाठवणार आहे, मोठा, भिंतीवर लावायला, ह्यांच्या शेजारी. चिठ्ठीत एवढंच लिहिलंय की डोळ्यांना हात लावायचा नाही.